स्तुतीचा पाचवा अंक

(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात, गुणगौरव समारंभाच्या वेळी दिलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही थोडे विचारात पडलो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. उभे आयुष्य शाळेच्या फळ्यापुढे गेले. पांडित्याचे व्याख्यान आमच्याकडून होणे नाही. परंतु मुलांची पाठ थोपटण्याचे काम आम्ही पस्तीस वर्षे केले आहे. आणि स्तुती कोणाची करावी, कशी करावी, व ती केल्यावर आपल्या शिरावर कोणते ऋण चढते, यासंबंधी थोडेफार चिंतन केले आहे. तेच आज आपणांपुढे ठेवतो. दाखला मात्र सातासमुद्रांपलीकडचा घेतला आहे, आणि तोही फुटबॉलच्या मैदानावरचा.

हे ऐकून कोणी भुवया उंचावू नयेत. आपले संमेलन यंदा कोल्हापुरात भरले आहे. या नगरीत शाहू छत्रपतींनी नाट्यगृह आणि खासबागेचे कुस्तीचे मैदान अगदी शेजारी शेजारी उभारले. तालमीतालमींचे फुटबॉलसंघ इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, आणि विश्वचषकाच्या दिवसांत इथल्या गल्ल्यांतून ब्राझील व अर्जेंटिना यांची निशाणे फडकतात. ८ ऑगस्ट २०२४ रोजी केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा नाटकाशी ज्यांचा फारसा संबंध नाही अशी माणसेही हळहळली. रंगभूमी आणि क्रीडाभूमी यांचे नाते कोल्हापूरकरांस निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता आपण ब्राझीलमधील रिओ द जानेरो या शहरी जाऊ. साल १९५८. तेथे नेल्सन रॉड्रिगेस नावाचे एक नाटककार राहत होते. ब्राझीलच्या आधुनिक रंगभूमीचा प्रारंभ ज्या नाटकापासून मानतात, ते त्यांचे नाटक १९४३ मध्ये रिओच्या महापालिका रंगमंदिरात झाले. एका मरणोन्मुख स्त्रीचे वास्तव, तिची स्मृती आणि तिचे भ्रम अशा तीन पातळ्यांवर ते नाटक चालते. असा हा गंभीर प्रकृतीचा लेखक पोटासाठी वर्तमानपत्रांत लिहीत असे, आणि त्याचे दुसरे वेड होते फुटबॉल. एका क्रीडासाप्ताहिकात ते एक सदर चालवीत. त्या सदराच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘या आठवड्याचे माझे पात्र’. पाहा, खेळाडू म्हटले नाही, पात्र म्हटले! नाटककाराची दृष्टी मैदानावर गेली तरी नाटककाराचीच राहते.

त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात माराकाना या प्रचंड मैदानावर सान्तोस आणि अमेरिका या दोन संघांचा सामना झाला. अमेरिका हा रिओचाच एक संघ. सान्तोस पाच विरुद्ध तीन अशा गोलफरकाने जिंकला, आणि त्या पाचांपैकी चार गोल एका सतरा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाने केले. त्या मुलाचे नाव पेले. पुढे साऱ्या जगाच्या ओठी बसलेले हे नाव त्या वेळी ब्राझीलबाहेर कोणास ठाऊक नव्हते. बाप फुटबॉल खेळणारा, पण दुखापतीमुळे मागे पडलेला; घरची गरिबी अशी की मुलाने लोकांचे बूट पुसून पैसे मिळवावेत.

मार्च महिन्यात रॉड्रिगेसांनी या मुलाला आपल्या आठवड्याचे पात्र केले. त्यांनी काय लिहिले त्याचा आशय असा: हा पोरगा मैदानावर चालतो तो एखाद्या राजासारखा, मग तो राजा लिअर म्हणावा, सम्राट जोन्स म्हणावा की हबशी देशाचा राजा म्हणावा, हे मात्र सांगता येत नाही. राजेपण ही डोक्यावरच्या मुकुटाची नव्हे, चित्ताची अवस्था आहे, असेही त्यांनी म्हटले. आपल्या जागी खेळणारा जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, असे त्या मुलास विचारले असता त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘मी’ असे उत्तर दिले, ही गोष्ट त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितली. पेलेला ‘राजा’ ही उपाधी जन्मभर चिकटली, तिच्या मुळाशी हा लेख आहे.

एखाद्या शेंबड्या पोराला शेक्सपिअरच्या लिअर राजाच्या पंक्तीस बसविणे ही अतिशयोक्ती नव्हे काय, असे कोणीही विचारील. आम्हीही हा प्रश्न मनाशी पुष्कळ घोळविला. आमचे उत्तर असे की, ही उपमा म्हणजे नुसता अलंकार नव्हे. तिने तीन कामे केली आणि एक मोठे ओझेही निर्माण केले. ती एकेक करून पाहू.

पहिले काम पाहण्याचे. चार गोल झाले हे कोणीही मोजील. परंतु चेंडू पायाशी नसतानाही ज्याच्याकडे हजारो डोळे वळतात, त्याच्या त्या वळवून घेण्याला आकडा नसतो. नाटक जाणणाऱ्याला मात्र ते नेमके ओळखता येते. पात्राने अद्याप एक शब्द उच्चारलेला नाही, नुसता प्रवेश केला आहे, आणि थिएटर स्तब्ध झाले आहे, हा अनुभव ज्याने घेतला आहे तो म्हणतो, राजा आला! रॉड्रिगेसांची दृष्टी फार अधू होती. चेंडू कोठे गेला ते त्यांना धड दिसतही नसे. पण गल्लीतल्या अगदी गचाळ फुटबॉलातही शेक्सपिअरच्या नाटकाइतकी गुंतागुंत असते असे म्हणणारे तेच. पुढे सामन्यांची चित्रफीत निघाली आणि लोक तिचा पुरावा देऊ लागले, तेव्हा ती चित्रफीत मूर्ख आहे असे त्यांनी बजावले. याचा अर्थ त्यांना सत्याचे वावडे होते असा नव्हे. घडले काय एवढेच फीत सांगते. जे घडले त्याने माणसाच्या मनात काय झाले, हे सांगण्यास नाटकच लागते.

दुसरे काम यापेक्षा थोर आहे, आणि ज्ञातिसंघाच्या व्यासपीठावरून त्याचा उच्चार झालाच पाहिजे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ मध्ये. म्हणजे पेले जन्मला त्या १९४० साली, गुलामगिरीत जन्मलेली माणसे अद्याप हयात होती. रंगभूमीवर काळ्या नटाला मिळे ते नोकराचे किंवा विदूषकी सोंग. १९४४ मध्ये काळ्या नटांची एक मंडळी निघाली आणि १९४५ मध्ये तिने रिओच्या त्याच महापालिका रंगमंदिरात पहिला प्रयोग केला तो युजीन ओनीलच्या ‘सम्राट जोन्स’ या नाटकाचा, कारण त्याचा नायक कृष्णवर्णी आहे. तरीही पुढे १९४८ मध्ये खुद्द रॉड्रिगेसांचे एक नाटक रिओमध्ये झाले, तेव्हा त्यातील कृष्णवर्णी नायकाचे काम तोंडाला काळा रंग फासून एका गोऱ्या नटाकडून करविण्यात आले. हे ध्यानात घ्या, म्हणजे दहा वर्षांनी त्याच लेखकाने एका काळ्या मुलाला लिअर आणि जोन्स ही नावे का दिली असतील ते उमगेल. रंगमंदिराने जी भूमिका काळ्या माणसास नाकारली, ती मैदानावर त्याने घेतली आहे, आणि येथे रंग फासण्याची गरज नाही, हे त्या उपमेत न बोलता सांगितलेले आहे.

आणखी एक. रॉड्रिगेस हे फ्लुमिनेन्से या रिओच्या संघाचे कडवे अभिमानी होते. तो अभिमान त्यांनी कधी लपविला नाही. पेले मात्र दुसऱ्या प्रांताचा, दुसऱ्या संघाचा, आणि त्या दिवशी त्याने हरविला तोही रिओचाच संघ. आपल्या घरच्या पोराला राजा म्हणण्यास मोठे मन लागत नाही. प्रत्येक आईला ते येते. प्रतिपक्षाच्या पोराला, ज्याने आपल्या गावाला हरविले त्याला, राजा म्हणणे यास मात्र रसिकता लागते. नाटकाचा प्रेक्षक नटाची जात विचारून टाळी वाजवू लागला, तर ते नाटक राहणार नाही. गुणगौरव हा शब्द आपण वापरतो; त्यातील गौरव गुणाचा आहे, गोत्राचा नव्हे.

तिसरे काम धीर देण्याचे. १६ जुलै १९५० रोजी याच माराकानावर विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला होता. बरोबरी झाली असती तरी चषक ब्राझीलचाच होता. पावणेदोन लाखांच्या आसपास लोक जमले होते. ब्राझील एक विरुद्ध दोन असा उरुग्वेकडून हरला. त्या पराभवानंतर आपल्या देशबांधवांच्या मनाने जो न्यूनगंड धरला, त्याला रॉड्रिगेसांनी कचऱ्याचे डबे उलथणाऱ्या भटक्या कुत्र्याची उपमा दिली: अंगात बळ असूनही जो परक्यासमोर शेपूट घालतो, त्याचा तो गंड. अशा प्रजेला सांगायचे होते की, तुमच्यात एक राजा जन्मला आहे आणि तो ‘मी’ म्हणावयास लाजत नाही. त्याच उन्हाळ्यात स्वीडनमध्ये ब्राझीलने विश्वचषक जिंकला. पेलेने उपान्त्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तीन आणि २९ जूनच्या अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध दोन गोल केले.

आता त्या ओझ्याकडे वळू. कारण आमचे खरे सांगणे ते आहे.

राजा लिअर कोण? वार्धक्य आलेला एक राजा आपले राज्य तीन मुलींत वाटावयास निघतो, आणि मागणी करतो ती स्तुतीची: जी माझ्यावरचे प्रेम अधिक सुंदर शब्दांत वर्णील तिला अधिक वाटा. थोरल्या दोघी तोंडभर स्तुती करतात. धाकटी कॉर्डेलिया मात्र कर्तव्याइतकेच बोलते व घालविली जाते. पुढे त्या स्तुतिपाठक मुली बापाला घराबाहेर काढतात; वादळात, माळरानावर, उघड्या डोक्याने तो राजा भटकतो; आणि त्याच्यासाठी परत येते ती स्तुती न करणारी धाकटी. आणि जोन्स सम्राट? तोही पहिल्या प्रवेशात सिंहासनावर असतो, आणि रात्रभर अरण्यात धावून धावून शेवटी मारला जातो. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलासाठी रॉड्रिगेसांनी निवडलेले हे दोन्ही राजे मुकुट गमावणारे आहेत. नाटककाराच्या लेखणीतून ही नावे सहज गेली असतील असे आम्हांस वाटत नाही. ज्याने नाटक लिहिले आहे त्याला ठाऊक असते की पहिल्या अंकाच्या टाळ्या स्वस्त असतात. कोणास नायक म्हणणे म्हणजे त्याच्या पाचव्या अंकापर्यंत खुर्चीत बसण्याचे वचन देणे होय.

हे वचन ब्राझीलच्या प्रेक्षकांनी पाळले काय? १९५० च्या त्या सामन्यात गोलरक्षक होता बार्बोसा, तोही काळा. दुसरा गोल त्याच्या आणि खांबाच्या मधून गेला, आणि साऱ्या राष्ट्राचे खापर त्याच्या एकट्याच्या माथी फुटले. ब्राझीलच्या कायद्यात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, आपण मात्र त्याहून कितीतरी अधिक भोगली, असे तो वृद्धपणी म्हणत असे. २००० साली तो वारला तेव्हा त्या गोलाला पन्नास वर्षे होत आली होती. त्याच्या नाटकाचा एकच प्रवेश लोकांनी पाहिला आणि तोच जन्मभर त्याला करून दाखविला.

दुसरा गारिंशा. पाय जन्मतः वाकडे. पण त्या वाकड्या पायांनी तो बचाव करणाऱ्यांना असा चकवी की प्रतिपक्षाचे लोकही हसत. १९६२ च्या विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, तेव्हा चषक आणला तो प्रामुख्याने गारिंशाने. लोक त्याला जनतेचा आनंद म्हणत. पुढे दारूने त्याला ग्रासले. १९८० च्या कार्निव्हलात त्याला एका चित्ररथावर बसवून मिरविण्यात आले. भोवती जल्लोष चालला होता आणि हा शून्य नजरेने बसून होता. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या एकूणपन्नासाव्या वर्षी, तो वारला. अंत्ययात्रेला हजारो लोक रस्त्यावर उतरले. मित्रहो, अंत्ययात्रेची गर्दी म्हणजे पाचवा अंक पाहणे नव्हे. पडदा पडल्यावर आलेले प्रेक्षक ते.

उलट उदाहरणही आहे, आणि ते इंग्लंडातले. मँचेस्टर युनायटेड संघाच्या मैदानाला बॉबी चार्ल्टन या थोर खेळाडूने ‘स्वप्नांचे नाट्यगृह’ असे नाव दिले, ते रूढ झाले. तेथे १९९२ मध्ये एरिक कँतोना हा फ्रेंच खेळाडू आला. तोही ‘राजा’ म्हणविला गेला. २५ जानेवारी १९९५ रोजी, परक्या मैदानावर, पंचांनी बाहेर काढल्यावर एका प्रेक्षकाने शिव्या दिल्या म्हणून त्याने कठड्यावरून उडी घेऊन त्या प्रेक्षकास लाथ मारली. कृत्य निंद्यच होते. सुमारे आठ महिने त्याच्यावर बंदी पडली. न्यायालयाने एकशेवीस तास समाजसेवेची शिक्षा दिली, ती त्याने मुलांना फुटबॉल शिकवून भोगली. परंतु त्याचे चाहते थिएटर सोडून गेले नाहीत. त्यांनी कृत्याचे समर्थन केले असते तर आम्ही त्यांची प्रशंसा केली नसती; पण पुष्कळांनी दोष दोष म्हणून ओळखला आणि नायकाची वाट पाहिली. १ ऑक्टोबर १९९५ रोजी तो परतला, त्या दिवशी त्याने गोल केला, आणि त्याच हंगामात संघाने साखळी व चषक दोन्ही जिंकले. खेळ सोडल्यावर हा मनुष्य खरोखरीच नट झाला. २०१९ मध्ये युरोपीय फुटबॉल संघटनेने मोनॅको येथे त्याचा सत्कार केला, तेव्हा आभाराचे भाषण त्याने आरंभिले ते ‘राजा लिअर’ नाटकातील एका वाक्याने. सभेतील अनेक जण गोंधळले. आम्हांस मात्र त्यात संगती दिसते. ज्याला लोक राजा म्हणत आले, त्याने लोकांना आठवण दिली की राजाचे नाटक कोठे जाते.

कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. त्यावर नाटकाचे एवढे ओझे कशाला? आम्हांस तसे वाटत नाही. आकड्यांनी केलेली स्तुती आकड्यांबरोबरच संपते. ज्याचे गोल आटले त्याचे नाव पुसले जाते, आणि त्यात कोणी काही वावगे केले असेही कोणास वाटत नाही. नाटकाच्या भाषेने केलेली स्तुती मात्र स्तुती करणाऱ्यालाही बांधून घेते. प्रेक्षक झालात ना? मग नायक चुकला, पडला, म्हातारा झाला, तरी बसा. आपल्याकडे वि. वा. शिरवाडकरांनी १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. त्यातही लिअरचीच छाया आहे: टाळ्यांत न्हालेला म्हातारा नट आणि त्याला घरात जागा न उरणे. ते पाहून महाराष्ट्राने डोळे पुसले. डोळे पुसून बाहेर आल्यावर आपण आपल्या घरातल्या, आपल्या ज्ञातीतल्या बेलवलकरांकडे पाहिले काय, एवढेच विचारावयाचे आहे.

आता आजच्या समारंभाकडे येतो. आज शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींना आपण शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र देणार. त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापली आहेत. फार चांगले. परंतु आमच्या हाताखालचा एक मुलगा सांगतो. नाव सांगत नाही. शालान्त परीक्षेत तो पहिला आला. अशाच एका समारंभात त्याचा सत्कार झाला, वक्त्यांनी त्याला ज्ञातीचा सूर्य म्हटले. पुढे दोन वर्षांनी प्रवेशपरीक्षेत तो मागे पडला. त्यानंतर तो संमेलनास कधी आला नाही. वाटेत भेटला तर मान खाली घालून जाई. अखेरीस आम्ही एकदा त्याला थांबविले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, लोकांना तोंड कसे दाखवू? त्यांनी मला काय काय म्हटले होते!” आपल्या स्तुतीने त्या मुलाला उचलले होते; पण खाली ठेवण्याची वेळ आली तेव्हा आपण कोणीच तेथे नव्हतो. तो आज चांगले कमावतो, सचोटीने राहतो, म्हाताऱ्या आईची सेवा करतो. पण आपल्या स्मरणिकेच्या लेखी तो सोळाव्या वर्षीच संपला आहे.

म्हणून संघापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, मागील वर्षांच्या स्मरणिका काढाव्यात आणि ज्यांचे सत्कार आपण केले त्या प्रत्येकाची चौकशी करावी. जो चढला त्याचे अभिनंदन करावे. जो अडखळला त्याच्या घरी संघाच्या कोणी वडीलधाऱ्याने जावे, उपदेशासाठी नव्हे, चहा घेण्यासाठी. दुसरी, दुसऱ्या खेपेस परीक्षेस बसणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्तीतला काही भाग राखून ठेवावा. तिसरी, दर वर्षी निदान एक पारितोषिक आपल्या ज्ञातीबाहेरच्या गुणवंतास द्यावे. त्याने आपल्या मुलांना हरविले असेल तर ते अधिकच आनंदाने द्यावे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगणे. आज आम्ही तुम्हांला राजा म्हणू, तेव्हा लाजू नका. सतरा वर्षांच्या पेलेसारखे ‘मी’ म्हणण्याची हिंमत असू द्या. पण हेही ध्यानात ठेवा की तोच पेले १९६६ मध्ये लाथा खाऊन, लंगडत मैदानाबाहेर गेला, त्याचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, आणि १९७० मध्ये त्याने पुन्हा विश्वचषक उचलला. २९ डिसेंबर २०२२ रोजी तो वारला, तेव्हा तो राजाच होता. मधला अंक वाईट गेला म्हणून नाटक संपत नाही.

आपल्या प्राचीन नाटकाची एक रीत फार सुंदर आहे. शेवटी भरतवाक्य येते, आणि त्यात नायक स्वतःसाठी काही मागत नाही. पाऊस वेळेवर पडो, सर्वांचे कल्याण होवो, एवढेच मागतो. आजच्या गुणवंतांच्या आयुष्यातही ते भरतवाक्य म्हणण्याचा दिवस येवो, आणि ते ऐकावयास आपल्यापैकी पुष्कळ खुर्च्या भरलेल्या असोत, अशी आमची प्रार्थना आहे.